थंडीत जपायचं

आमच्या पॅन स्टेशनच्या भिंतीवर एक फलक होता. पांढऱ्या पत्र्यावर निळ्या अक्षरांत: 'जे जे आपणासी ठावे, ते ते इतरांसी सांगावे, शहाणे करून सोडावे, सकळ जन.' खाली समर्थ रामदासांचं नाव. तो मीच रंगवून घेतला होता, पावसाळ्यात, हंगाम बंद असताना. साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून माझी तेव्हा चौदा हंगामांची नोकरी झाली होती. आमच्याकडे नोकरी वर्षांत मोजत नाहीत, हंगामांत मोजतात. त्या हंगामाला मला वाटायचं की आपल्या कारखान्याचं एकच दुखणं आहे, ते म्हणजे कुणी कुणाला काही सांगत नाही. आणि त्या दुखण्याचं नाव होतं तात्या.

तात्या आमचे हेड पॅनमन. कृष्णाकाठच्या कारखान्यांत त्यांच्यासारखा दाणा धरणारा माणूस नाही, असं त्यांच्याशी भांडलेले लोकही म्हणायचे. ज्यांनी कारखाना आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ऊस गव्हाणीत पडतो, मिलमधून रस निघतो, चुना आणि गंधकाच्या धुरानं तो स्वच्छ होतो, आटून त्याचा पाक होतो. इथपर्यंत यंत्रांचं राज्य. पुढे तो पाक पॅनमध्ये येतो. पॅन म्हणजे दोन मजली घराएवढं बंद भांडं. आतली हवा काढून घेतलेली असल्यामुळे पाक कमी तापमानाला, साधारण ६५ अंशांच्या आसपास उकळत राहतो, आणि नेमक्या घट्टपणाला आला की त्यात साखरेचा दाणा धरायचा. अगदी बारीक वाटलेल्या साखरेचं बी सोडायचं (आम्ही त्याला स्लरी म्हणतो) आणि त्या बियाभोवती पाकातली साखर बसवत न्यायची. पाक पातळ राहिला तर बी विरघळून जातं. जास्त घट्ट झाला तर नको तिथे, नको तितके नवे दाणे आपोआप फुटतात. त्याला फॉल्स ग्रेन म्हणतात. ते पीठ पुढे सेंट्रिफ्यूगलच्या (गरगर फिरवून साखर वेगळी काढणाऱ्या यंत्राच्या) जाळीत अडकतं, मोलॅसिस म्हणजे मळी निथळत नाही, आणि साखर मोलॅसिसबरोबर निघून जाते.

साखर आम्ही तीनदा काढतो: ए, बी आणि सी. सी म्हणजे शेवटची संधी. तिथे पाक कसला, काळाभोर, चिकट, साखरेनं दमलेला माल असतो. त्यात दाणा धरणं सगळ्यांत अवघड आणि ते तात्यांचं काम. त्यांची पाळी नसली तरी सीचा दाणा धरायच्या वेळी ते यायचे. सायकल जिन्याखाली लावायची, टोपी खिशात घालायची, प्रूफ स्टिक पॅनमध्ये खुपसून नमुना काढायचा, काचेवर पसरायचा आणि दिव्यासमोर धरायचा. आणि ऐन त्या वेळी हाताखालच्या पोराला म्हणायचे, "जा रं, चहा घेऊन ये."

पोरगा चहा घेऊन येईपर्यंत दाणा धरलेला असायचा.

मला याचा फार राग यायचा. तात्या वारकरी, गळ्यात माळ, एकादशीच्या भजनात पहिली चाल त्यांची. 'आम्हां घरीं धन शब्दांचींच रत्नें' हा तुकोबांचा अभंग ते असा म्हणायचे की ऐकणाऱ्याचं अंग शहारावं. त्यातच पुढे आहे, 'शब्दें वाटूं धन जनलोकां.' एकदा मी त्यांना सरळच विचारलं, तात्या, हे तुम्ही म्हणता, मग पोराला चहाला का पाठवता? ते रागावले नाहीत. म्हणाले, "साहेब, तुकोबांच्या वह्या लोकांनी बुडवल्या, अन् सावकारीची खतं त्यांनी स्वतः बुडवली. वाटणारा माणूस रिकामा होतो, हेबी त्यातच हाय."

मी ते हसण्यावारी नेलं. आज त्याची खंत वाटते.

तर त्या पावसाळ्यात मी ठरवलं, तात्यांच्या डोक्यातलं सगळं कागदावर आणायचं. त्यांच्या निवृत्तीला दोन हंगाम उरले होते. तीन संध्याकाळी ते माझ्या केबिनमध्ये बसले, मी विचारत गेलो, ते सांगत गेले. मला अपेक्षा नव्हती इतकं सांगितलं. व्हॅक्यूम किती इंच, तापमान किती, स्लरी किती मिली, पाणी केव्हा द्यायचं, व्हॉल्व्ह किती फेर. मी ते नीट मांडलं, टाइप केलं, क्रमांक घातले. अकरा पानं झाली. तिसऱ्या संध्याकाळी उठताना ते दारात थांबले आणि म्हणाले, "साहेब, सगळं लिहून दिलं. आता पुढच्या सीझनला बोलावणार न्हवं?"

मी म्हणालो, "अहो तात्या, असं काय विचारता!" आणि कागद स्टेपल करू लागलो. ते उत्तर नव्हतं. त्यांना ते कळलं असणार, मला कळलं नाही.

फलक त्याच आठवड्यात लागला.

जानेवारीत तात्यांनी रजा मागितली. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. किती दिवसांपासून होता कोण जाणे. ते दाणा हल्ली काचेपेक्षा बोटांनीच जास्त बघतात हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. डॉक्टरांनी आता थांबता येणार नाही असं सांगितलं. मी रजा मंजूर केली आणि मनातून थोडा खूशही होतो, खोटं कशाला सांगू. अकरा पानं होती ना. तात्यांच्या हाताखालचा पोरगा, पंचवीस-सव्वीसचा, आयटीआय झालेला, हुशार. त्यानं ती पानं पाठ केली होती.

ऑपरेशनच्या चौथ्या दिवशी सीचा दाणा धरायचा होता. दुपारच्या पाळीला एक धरला, तो पूर्ण पीठ झाला. पॅन धुऊन काढला. रात्री पुन्हा. माझी पाळी नव्हती, पण साडेबाराला फोन आला तसा स्वेटर घालून गेलो.

पॅन स्टेशनवर गेल्यावर पहिल्यांदा मी खाली टाक्यांकडे बघितलं. मोलॅसिसच्या टाक्या काठोकाठ येत होत्या. सीचा पॅन अडकला की त्याच्यामागे बी अडकतो, बीच्या मागे ए, आणि शेवटी मिल हळू करावी लागते. बाहेर यार्डात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग गेटपर्यंत गेली होती. बैलगाडीवाले शेकोट्या करून बसले होते. तोडलेला ऊस उभा राहिला की वाळतो, वजन घटतं, साखरेचा उतारा घटतो. माझ्या हातून त्या रात्री जे बिघडत होतं त्याची किंमत तिथे शेकत बसलेली माणसं भरणार होती.

पोरगा अकरा पानं समोर घेऊन उभा होता. कागदाला चिकट बोटांचे डाग पडले होते. "साहेब, सगळं तसंच केलं," तो म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. मी स्वतः बघितलं. स्लरी बरोबर, वेळ बरोबर, तापमान लिहिल्याप्रमाणे. काचेवर नमुना धरला तर दाणा होता, पण त्याच्या आजूबाजूला धुकं पसरायला लागलं होतं. म्हणजे पीठ फुटायला सुरुवात. माझी पदवी आणि माझी अकरा पानं, दोन्हींनी मला एवढंच सांगितलं की पाक हवा त्यापेक्षा जास्त संपृक्त झालाय. का झालाय, ते सांगितलं नाही.

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी मी तात्यांच्या घरी फोन लावला. लाज वाटत होती. काकूंनी उचलला, आधी घाबरल्या, मग चिडल्या. डॉक्टरनी वाकायचं नाही, धूर-वाफ नाही, जागरण नाही असं बजावलं होतं. मागून तात्यांचा आवाज आला, "आण हिकडं." त्यांना गाडी पाठवतो असं मी म्हणणारच होतो, पण त्यांनी मला बोलूच दिलं नाही. "तुम्ही नगा सांगू साहेब. पोराकडं द्या."

पोरानं एका कानाला फोन लावला, दुसऱ्या कानात बोट घातलं. पॅनच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून मी स्पीकर चालू करून त्याच्या खांद्याजवळ धरून उभा राहिलो. पुढचे तीन तास मी फक्त फोन धरायचं काम केलं.

"काच धर दिव्याला. काय दिसतंय?"

"दाणा हाय तात्या. अन् बारीकबी हाय."

"बारीक म्हंजी? रवा का पीठ?"

पोरगा गप्प. त्यानं काच पुन्हा वर केली. "रवा हाय. रव्यात पीठ मिसळलंय."

"बोटावर घे. अंगठ्यानं चोळ. डोळं मिट. कसं लागतंय?"

"चिकट."

"चिकट तर लागणारच, मोलॅसिस हाय ते! चिकटपणाच्या खाली काय लागतंय?"

पोरानं डोळे मिटले. अंगठा तर्जनीवर हळू फिरवत राहिला. त्याच्या नखांत काळं भरलेलं होतं आणि बोटं थरथरत होती. मी त्याला कित्येकदा नमुना काढताना पाहिलं होतं, पण असा बघताना पाहिलं नव्हतं. "बारक्या वाळूवानी," तो म्हणाला. "पर मधीमधी निसटतंय. साबण लागल्यासारखं."

"हां. वाळू ती आपली. निसटतंय ते परकं. आता मला सांग, वाळू जास्त का निसटणारं जास्त?"

"वाळू जास्त."

"मग काय बिघडलं न्हाई. व्हॅक्यूम किती दावतंय?"

"पंचवीसला ठेवला होता. आता सव्वीसच्या वर गेलाय."

फोनवर क्षणभर काहीच आवाज आला नाही. मग तात्या म्हणाले, "आरं लेका, बाहेर थंडी किती हाय?"

मी फोन धरून उभा होतो आणि माझ्या पोटात गोळा आला. मला आठवलं. दुसऱ्या संध्याकाळी, केबिनमध्ये, चहाचा कप खाली ठेवत तात्या म्हणाले होते, "अन् साहेब, थंडीत जपायचं." मी विचारलं होतं, म्हणजे नक्की काय करायचं? ते म्हणाले होते, "जपायचं म्हंजी जपायचं." माझ्या मूळ टिपणात ते वाक्य होतं. टाइप करताना मी ते गाळलं. मोघम होतं, मोजता येत नव्हतं.

प्रकार असा. पॅनमधली वाफ वरच्या कंडेन्सरमध्ये थंड पाण्यानं निवते, त्यामुळे व्हॅक्यूम टिकतो. ते पाणी बाहेरच्या स्प्रे पॉन्डमधून, म्हणजे पाणी फवारून थंड करायच्या तळ्यातून, फिरून येतं. जानेवारीच्या उत्तररात्री ते पाणी बर्फासारखं होतं, वाफ जास्त जोरात निवते, आणि कुणी हात न लावता व्हॅक्यूम वर चढत जातो. व्हॅक्यूम चढला की उकळणाऱ्या मालाचं तापमान उतरतं. उतरलं की तोच पाक एकदम जास्त संपृक्त होतो, आणि पीठ फुटतं. हे सगळं मला शास्त्र म्हणून माहीत होतं. परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. पण माझ्या पानावर 'व्हॅक्यूम २५ इंच ठेवावा' एवढंच होतं. तात्या हिवाळ्यात मध्यरात्रीनंतर दर थोड्या वेळानं कंडेन्सरच्या पाण्याच्या पाइपला हात लावून यायचे आणि व्हॉल्व्ह किंचित आवळायचे. मी त्यांना पाइपला हात लावताना शेकडो वेळा पाहिलं असेल. मला वाटायचं, म्हाताऱ्याची सवय.

"पाणी आवळ," तात्या म्हणत होते. "एकदम न्हाई. काट्याकडं बघत. पंचवीसला आला की सोड." आणि मग, "आता पॅनमधी पाणी दे. व्हॉल्व्ह अर्धा फेर. पीठ विरघळंल, रवा ऱ्हाईल."

पोरानं कागदाकडे बघितलं. "किती वेळ तात्या? हितं दीड मिनिट लिवलंय."

"घड्याळ बघू नगस. 'सुंदर तें ध्यान' म्हण. संपलं की बंद कर."

पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली. त्यानं व्हॉल्व्हवर हात ठेवला आणि म्हणायला सुरुवात केली, 'सुंदर तें ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनियां.' पहिल्या ओळीला घाई केली. फोनमधून तात्यांचा आवाज आला, "हळू. भजनात म्हणतोस तसं." आणि मग ते स्वतःच त्याच्याबरोबर म्हणू लागले. दोन आवाज, एक पॅनजवळ आणि एक दहा-बारा किलोमीटरवरच्या घरातला, डोळ्यावर पट्टी बांधून पडलेल्या माणसाचा. 'तुका म्हणे माझें हेंचि सर्व सुख' ला पोराचा हात चाकावर घट्ट झाला, 'पाहीन श्रीमुख आवडीनें' ला त्यानं व्हॉल्व्ह बंद केला.

दीड मिनिट माझ्याच डोक्यातून आलं होतं. तात्यांनी मला "एक अभंग होईस्तोवर" असंच सांगितलं होतं, आणि मी मनात अभंग म्हणून बघून घड्याळ लावलं होतं. वेळ फारशी चुकली नव्हती. पण पीठ फुटताना दिसत असतं तेव्हा सेकंदकाट्याकडे बघणाऱ्याचा हात घाबरून लवकर बंद करतो, किंवा आणखी थोडं, आणखी थोडं करत दाण्यासकट सगळं विरघळवून टाकतो. अभंगाला स्वतःची चाल असते. तो म्हणणाऱ्याला घाई करू देत नाही.

पुन्हा काच. पुन्हा बोट. "आता?" "निसटतंय अजून, पर कमी." "थांब. काही करू नगस. काही न करणं हेच काम." पाव तासानं पुन्हा पाणी, या वेळी अर्धाच अभंग. सव्वातीनला पोरानं काच दिव्याला धरली आणि काही न बोलता माझ्यापुढे केली. तांबूस काळ्या थरात दाणे सुटे, एकसारखे, कडा धरलेले दिसत होते. मधलं धुकं गेलं होतं. तात्या फोनवर विचारत होते, काय झालं, काय झालं, आणि पोराला शब्द सुचेना. शेवटी तो म्हणाला, "तात्या, वाळू."

पहाटे पाचच्या पुढे पॅन मार्गी लागला. काकूंनी फोन काढून घेतला होता त्याला तोवर थोडा वेळ झाला होता.

सकाळी घरी आलो, झोप येईना. आई देवघरासमोर बसून दासबोधाचा रोजचा समास वाचत होती. मी तिला रात्रीचं सगळं सांगितलं, आणि फलकाचंही. ती म्हणाली, "ते 'जे जे आपणासी ठावे' लोक म्हणतात खरं, पण पोथीत तसं नाहीये." मला पटेना. शाळेच्या भिंतीवर, भाषणात, निरोप समारंभात, सगळीकडे मी तेच ऐकलेलं. तिनं पानं उलटली. दासबोध केवढा: २० दशक, २०० समास, ७७५१ ओव्या. पण तिला जागा ठाऊक होती. १९वा दशक, त्याचं नावच 'शिकवण', आणि त्यातला १०वा समास.

'जितुकें कांहीं आपणासी ठावें । तितुकें हळुहळु सिकवावें । शाहाणें करूनी सोडावे । बहुत जन ॥'

मी ती ओवी तीन-चारदा वाचली. लोकांच्या तोंडी 'सांगावे' आहे. समर्थांनी 'सिकवावें' म्हटलंय, आणि त्याच्या आधी 'हळुहळु'. आपण तो शब्दच टाकून दिला. यमकाला सोयीचं केलं, फलकाला आटोपशीर केलं. सांगणं एका संध्याकाळी होतं. मी तीन संध्याकाळी घेतल्या आणि स्वतःवर खूश झालो. हळुहळु शिकवणं म्हणजे काल रात्री फोनवर झालं ते: बघ, चोळ, डोळे मिट, काय लागतंय, रवा का पीठ, थांब. ज्याला शिकवायचं त्याच्या बोटापर्यंत जायचं आणि त्याच्या तोंडून शब्द येईपर्यंत वाट बघायची.

आणि पुढचीच ओवी आईनं बोट ठेवून दाखवली: 'परोपरीं सिकवणें । आडणुका सांगत जाणें । निवळ करुनी सोडणें । निस्पृहासी ॥' आडणुका म्हणजे अडचणी, जिथे काम अडतं त्या जागा. माझ्या अकरा पानांत एकही आडणूक नव्हती. सगळं सरळ चाललं तर काय करायचं तेवढं होतं. एकच आडणूक तात्यांनी आपणहून सांगितली होती, थंडीची, आणि ती मी खोडली.

त्या दिवशी मी या जुन्या कवींकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. भिंतीवर लिहायच्या ओळी म्हणून नाही, काम जाणणारी माणसं म्हणून. ज्ञानेश्वरीचंच घ्या. गीतेचे श्लोक ७००. ज्ञानदेवांनी १२९० साली ती मराठीत आणली तेव्हा ओव्या झाल्या जवळजवळ ९०००. नुसता अर्थ सांगायचा असता तर ७०० ओव्यांत भागलं असतं. बाकीच्या ओव्या कशासाठी आहेत? एक दृष्टांत पटला नाही तर दुसरा, दुसरा नाही तर तिसरा. पाणी, दिवा, आई, शेत, जे समोरच्याच्या ओळखीचं असेल ते. तेच 'परोपरीं सिकवणें'. रवा आणि पीठ, वाळू आणि साबण. तात्यांनी ज्ञानेश्वरी कितीदा ऐकली असेल याचा हिशेब नाही, आणि मला खात्री आहे की शिकवायची वेळ आली तेव्हा ती रीत त्यांच्या अंगातून बाहेर आली.

मग प्रश्न उरतो, इतकी वर्षं का नाही आली? तात्या अप्पलपोटे होते असं मी मानत होतो. दुपारी त्यांच्या घरी गेलो. काळा चष्मा लावून ओसरीवर बसले होते. पोरगा माझ्या आधीच तिथे येऊन बसला होता, रात्रपाळीच्या कपड्यांतच. तात्या त्याला सांगत होते की त्यांच्या उस्तादानं त्यांना कधीच काही दाखवलं नाही. चहाला पाठवायचा. मग हे पाळी संपल्यावर उस्तादानं टाकून दिलेल्या काचा गोळा करायचे, पुसायच्या आधी दिव्याला धरून बघायचे. सहा हंगाम असे काढले. "कळलं तवा वाटलं, हे माझं हाय. कुणी दिलेलं न्हाई." आणि मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "अन् साहेब, दाणा माझ्या हातात हाय तोवर मला कुणी घरी बस म्हणत न्हाई. खरं का न्हाई?"

खरं होतं. हंगामी माणसाला दर ऑक्टोबरला वाटतं, यंदा बोलावतील की नाही. जो आपल्याला शिकवा म्हणतो त्याच्याकडे शिकवून झाल्यावर आपलं काय करायचं याचं उत्तर नसेल, तर तोंड बंद ठेवणं हा शहाणपणाच असतो. समर्थांनी 'निस्पृहासी' म्हटलंय, पण निःस्पृह व्हायला आधी चूल पेटती असावी लागते. इतरांना 'वाटा, वाटा' म्हणणाऱ्या आम्हा पगारी माणसांनी हे आधी बघायला हवं, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. चोखोबांची ओळ आमच्या उसाच्या भागात लहान पोरालाही येते, 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा.' मी चौदा हंगाम उसात काढून वरल्या रंगालाच भुललो होतो.

त्या आठवड्यात कार्यकारी संचालकांकडे गेलो आणि निवृत्तीनंतरचे दोन हंगाम तात्यांना शिकवण्यासाठी म्हणून नेमायचं पत्र मागितलं. तोंडी चालणार नाही, लेखी द्या म्हणालो. तीन खेटे घातले. पत्र मिळालं. तात्यांनी ते चष्म्याशिवाय वाचायचा प्रयत्न केला, मग पोराकडून वाचून घेतलं, आणि घडी करून ज्ञानेश्वरीत ठेवलं.

फलक आता दुसरा आहे. 'हळुहळु' सकट. रंगाऱ्यानं विचारलं होतं, साहेब, शुद्धलेखन चुकलंय का? म्हटलं, नाही, तसंच लिही.

अकरा पानं अजून आहेत, पण तिथे आता एक दोनशे पानी वहीही असते, दोरीनं बांधलेली. तिच्यात काय करायचं ते लिहीत नाहीत. कुठे फसलो ते लिहितात. पहिली नोंद तात्यांची आहे, पोराच्या अक्षरात. डोळा बरा होऊन ते कामावर आले त्या दिवशी, दाणा धरून झाल्यावर, स्टुलावर बसून त्यांनी ती सांगितली. मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो.

"लिही. १९९४ चा सीझन. पहाट. व्हॅक्यूम चढला, मला कळलं न्हाई. घाबरलो. पाणी जास्त दिलं. सगळा दाणा गेला."

पोरानं लिहिलं, आणि मान वर न करता विचारलं, "मग उस्तादाला काय सांगितलं?"

तात्या बराच वेळ पॅनच्या काचेकडे बघत राहिले. "थांब," ते म्हणाले, "तेबी लिही."